शेपूट कापलेली गाठ

समस्त वडगाव, शहापूर आणि निपाणीकडील पाहुणेमंडळींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या गल्लीला यापुढे नाळ नाही आणि वरामाही नाही. गल्लीचा पुढचा भाग आणि मागचा भाग एवढंच शिल्लक आहे. रिक्षावाल्यांनी डावीकडे, उजवीकडे असे सामान्य शब्द वापरण्यास हरकत नाही. गच्चीवर वाळत घातलेल्या लुगड्याला शीड, टीव्हीच्या अँटेनाला डोलकाठी आणि स्वतःच्या सासूबाईंना नांगर म्हणण्याचा अधिकार ज्या एकमेव गृहस्थांकडे होता, ते गृहस्थ रजेवर गेले आहेत. परत येण्याची तारीख त्यांनी कळविलेली नाही.

बघ परशा, जमलं. भोंगा लावलेल्या रिक्षातून ओरडावं तसं जमलं. तू गेल्यापासून माझं सगळं असंच जमतंय. जीभ चालते, हात चालतात, मागावर बसलो तर धोटा बरोबर इकडून तिकडे जातो. आतलं मात्र दाढेला भूल दिल्यासारखं आहे. डॉक्टर विचारतो दुखतंय का, आणि आपण गाल चाचपून बघतो तर गाल दुसऱ्याच कुणाचातरी. तुला खांदा दिला तेव्हा मी रडत नव्हतो. तिरडीच्या सुतळीच्या गाठी बघत होतो. कुणी मारल्या होत्या कोण जाणे, सगळ्या एकावर एक चढवलेल्या, ढिगाऱ्यासारख्या. तुझ्या घरी बसायला आलेल्यांना चहा दिला, मीही दोन कप प्यालो आणि साखर कमी आहे असं म्हणालो. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. साखर खरंच कमी होती.

काल तुझं कार्य झालं. जेवणं आटोपल्यावर माणसं मारुतीच्या देवळात बसली आणि मला चार शब्द बोल म्हणाली. ते चार शब्द कुठले हे तुलाही ठाऊक आहे. जकार्डचा किस्सा. वीस वर्षं मी तो सांगत आलो. आणि तू माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली होतीस, तीही त्या किश्श्याबद्दलच. म्हणून काल देवळात काय झालं ते तुला कळवायला बसलोय. पण मी सरळ मुद्द्यावर आलो तर तो मी कसला? आधी थोडी फिरवाफिरवी.

तू दर्यावरून कायमचा परत आलास त्या पहिल्या आठवड्यात आपण तुझ्या मामाच्या स्कूटरवरून बेळगुंदीला निघालो होतो. चालवत मी होतो. तू मागून म्हणालास, "स्टारबोर्डला घे." मी म्हटलं, हे गाव कुठं आलं? तू माझा उजवा कान धरून पिळलास. तेव्हापासून माझा उजवा कान स्टारबोर्ड आणि डावा कान पोर्ट. आजही रस्त्यात वळताना मला उजव्या कानाला झिणझिण्या येतात. पुढे पंधरा दिवसांत तू अख्ख्या गल्लीला बाप्तिस्मा दिलास. मारुतीच्या देवळाकडचं टोक ती नाळ, म्हणजे जहाजाचं नाक, आणि पिठाच्या गिरणीकडचं टोक तो वरामा, म्हणजे पिछाडी. सकाळी घाटाकडं तोंड करून उभा राहायचास, बोट ओलं करून वर धरायचास आणि मतलई वारा सुटला म्हणून जाहीर करायचास. आमच्या बायका खिडकीतून विचारायच्या, भावजी, मतलईत पापड वाळतील काय?

हे शब्द तुला जहाजावरच्या एका म्हाताऱ्या सारंगानं दिले होते, रत्नागिरीकडच्या. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम, हेही मी तुझ्याकडूनच शिकलो. तुमच्या लोखंडी जहाजावर शीडही नव्हतं आणि डोलकाठीही नव्हती. पण म्हाताऱ्याचं म्हणणं, वस्तू नसली म्हणून तिचं नाव विसरायचं काय? तो तुला रोज एक नाव द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी विचारायचा. तू सांगायचास की जहाजावर दोरी नावाची वस्तूच नसते. नांगराला बांधलेलीचं नाव वेगळं, शिडाला ओढणारीचं वेगळं, काठाला बांधायचीचं वेगळं. जो नुसता दोरी म्हणतो तो परवा आलेला.

मी म्हणायचो, त्यात काय मोठं? आमच्या मागावर तरी दोरा कुठं असतो? उभा तो ताणा, आडवा तो बाणा, कांडीवर गुंडाळलेलं ते वेगळं, फणीतून ओवलेलं ते वेगळं. तू म्हणायचास, "मग मी दर्यावर जाऊन काय मिळवलं रं?" आणि आपण चहाच्या गाड्यावर हसत बसायचो.

भांडण फक्त एका गोष्टीवर होतं. दोन दोर जोडायची गाठ. तुमची ती शिडाची गाठ, सारंगानं तुला पहिल्या दिवशी शिकवलेली. एका दोराचा फास करायचा, दुसरा त्यातून वर काढायचा, मागून फिरवून स्वतःच्याच खाली खोचायचा. तू ती मला गाड्यावर काढून दाखवलीस आणि मी खुर्चीवरून पडायचा बाकी राहिलो. ती तर आमची गाठ. ताण्याचा धागा तुटला की विणकराचं पाच वर्षांचं पोर जी गाठ डोळे मिटून मारतं, ती. तीच. रेसभर फरक नाही. मग वर्षानुवर्षं आपण भांडलो, की दर्यानं वडगावकडून घेतली का वडगावनं दर्याकडून. मी म्हणायचो, माणसाला आधी लाज झाकायला धोतर लागलं, होडी मग. तू म्हणायचास, आधी मासा खाल्ला, लाज पोट भरल्यावर आली.

फरक एकच होता, आणि तू तो मला सांगितला होतास. तुम्ही गाठीची शेपटं लांब सोडता. आम्ही ती कापून टाकतो.

आता किस्सा. आधी मी सांगतो तो.

आमच्या आप्पांनी इचलकरंजीहून जुनं जकार्ड आणलं होतं. लुगड्याच्या काठावर नक्षी काढणारं ते यंत्र मागाच्या डोक्यावर बसतं, आणि आप्पांना नवा माग माडीवर लावायचा होता. जिना एवढा अरुंद की जाडं माणूस तिरकं चढायचं. तेव्हा गल्लीतून कप्पी लावून ओढायचं ठरलं, आणि हे काम परशराम खलाशाला दिलं. इथून मी उभा राहतो. पांढरी टोपी घालून, पाय फाकून, डुलत डुलत कप्तान येतो. शिट्टी वाजवतो. सहा विणकरांना कवायत देतो आणि माडीवर चढतो. "हबेस!" म्हणजे ओढा. "आरिया!" म्हणजे हळूहळू सोडा. सहाजण ओढतात. जकार्ड वर जातं, माडीच्या कठड्यापर्यंत जातं, आणि कप्तानानं मारलेली गाठ सुटते. जकार्ड धाडकन खाली, म्हशीच्या पाण्याच्या दोणीत. इथं मी थांबतो. मग माडीवरून कप्तान ओरडतो, "जहाज बुडालं, उड्या मारा!" आणि स्वतः माडीवरून उडी मारायला जातो. इथं लोक हसून हसून डोळे पुसतात. मग शेवटची मेख: बारा वर्षं दर्यावर, आणि पठ्ठ्याला गाठ मारता येईना.

हे शेवटचं वाक्य बोलायला लागलो की लोक माझ्याबरोबर बोलायला लागायचे, एवढा तो पाठ झाला होता. बारशात, साखरपुड्यात, गुंजीच्या जत्रेत, गणपतीच्या मंडपात. कुठं कुठं तर मी जायच्या आधी किस्सा जाऊन बसलेला असायचा.

खरा असा आहे. तुझ्याकडं टोपी नव्हती. शिट्टीही नव्हती. तू सकाळपासून कप्पी तीनदा तपासलीस. आमच्या घरचा काथ्याचा जाड दोर पुरेना, म्हणून त्याला विहिरीची नायलॉनची बारीक दोरी जोडलीस, त्याच आपल्या भांडणाच्या गाठीनं. जाड आणि बारीक दोर जोडायला हीच गाठ लागते म्हणालास. दोन्ही शेपटं वीत वीत सोडलीस. माझ्याकडं बघून म्हणालास, "शेपटं लांब ठेवलीत. ताण आला की गाठ थोडी सरकती, तेवढी जागा तिला पायजे." मग माडीवर गेलास, जकार्ड आत घ्यायला.

आप्पांनी जकार्डला हळदकुंकू लावलं होतं, हार घातला होता. शेजारपाजारची माणसं नारळ फोडायला जमलेली. मी उत्साहात. गल्लीत माझ्या पायाशी ती गाठ पडली होती आणि तिची दोन शेपटं लोंबत होती, एक काथ्याचं केसाळ आणि एक निळं. फणीत शेपूट अडकलं तर शेजारचे चार धागे घेऊन तुटतं, यासाठी आप्पांचा मार खाऊन मी मोठा झालेला. शेपूट दिसलं की हात जातो. कुणी सांगावं लागत नाही, डोक्याला विचारावं लागत नाही. मी घरात जाऊन मोठी कात्री आणली आणि दोन्ही शेपटं गाठीला लागून कापली. सुबक दिसायला लागली. मला बरं वाटलं.

मग तू वरून हबेस म्हणालास. मी खाली उभा राहून, जकार्डच्या बरोबर खाली, तुझा हुकूम हात पसरून सगळ्यांना ऐकवत होतो. नाटक ना. गाठ सरकली आणि सुटली. तू वरून जाड दोर दोन्ही हातांनी धरलास. तो तुझ्या हातातून पळाला. पण एक क्षण थांबून पळाला, आणि तेवढ्यात मला कुणीतरी ओढलं. जकार्ड मी उभा होतो तिथं पडलं. दोण नव्हती, म्हैसही नव्हती. उडीही नव्हती. तू कठड्याला टेकून हात समोर धरून उभा होतास आणि हातातून रक्त कोपरापर्यंत आलेलं.

आप्पा तुला काय काय बोलले ते मी लिहीत नाही. तू ऐकून घेतलंस. मी तिथंच होतो, माझ्या हातात कात्री होती. संध्याकाळी दवाखान्यातून पट्ट्या बांधून आलास, गल्लीत वाकून काहीतरी शोधलंस, आणि पट्टीतल्या बोटांनी दोन तुकडे माझ्या हातात ठेवलेस. एक काथ्याचा, एक निळा. मला वाटलं आता बोलशील. तू घरी गेलास. मी ते गटारीत टाकले.

आणि चौथ्या दिवशी चहाच्या गाड्यावर कुणीतरी विचारलं, काय रं झालं परवा? माझ्या तोंडातून टोपी आली, शिट्टी आली, म्हैस आली. सगळे हसले. तूही तिथं होतास. तूही हसलास. कसं हसलास हे मला आठवत नाही, ही माझी अडचण आहे. तुझं सगळं आठवतं, ते हसणं आठवत नाही.

हेही लिहून ठेवतो. दर्यावरून आल्यावर तुझ्या मनात जड सामान चढवायचा, उतरवायचा धंदा होता. यंत्रं माडीवर चढवायची, विहिरीतले पंप काढायचे. तुला तेच येत होतं आणि वडगावात ते कुणालाच येत नव्हतं. माझ्या किश्श्यानंतर तुला एकानंही बोलावलं नाही. "जहाज बुडालं" म्हणत लोक खानापूरहून माणसं आणायचे. तू दुसऱ्याच्या शेडमध्ये पॉवरलूमवर पाळी धरलीस आणि धरूनच राहिलास. मी हे बघत होतो आणि किस्सा सुधारत होतो. तुझ्या हुकुमांना चाल लावली. म्हशीला नाव दिलं.

तू का गप्प बसलास? हे विचारायचं राहिलं. आप्पांनी मला घराबाहेर काढलं असतं म्हणून? मी लहानपणापासूनचा सोबती म्हणून? का तुला वाटलं की हा आपणहून सांगेल, आज नाही उद्या? तसं वाटलं असेल तर परशा, तू माणूस ओळखण्यात कच्चा होतास.

या उन्हाळ्यात प्रज्ञाचं लग्न झालं, निपाणीला. तुझी एकुलती एक. जेवणाच्या पंगतीत मुलाकडच्यांनी मला घेरलं. नवऱ्या मुलाचा काका, तंबाखूच्या वखारीत असतो तो, मोठ्या पोटाचा, म्हणाला, पाव्हणं, तुमचा तो जहाजाचा किस्सा होऊ द्या. मी उभा राहिलो. आजवरचा सगळ्यात चांगला झाला. काकाला ठसका लागला, कुणीतरी पाठीवर थापा मारल्या. आणि मी मान वळवली तर तू जिलबीचं ताट घेऊन वाढत वाढत माझ्यापाशी आलेला. माझ्या पानात दोन जिलब्या ठेवल्यास आणि पुढं गेलास.

निघताना मंडपाच्या दाराशी तू मला बाजूला घेतलंस. चिडला नव्हतास, हेच वाईट. म्हणालास, "गजा, पोरीच्या सासरला तरी एकदा खरं सांग. एकदाच. मग जलमभर खोटं सांगत बस, मी काय म्हणत न्हाई."

मी म्हटलं, सांगतो की, त्यात काय. हसतच म्हटलं. त्यानंतर तू चहाच्या गाड्यावर आला नाहीस. मीही तुझ्या घरी आलो नाही. मनात म्हणायचो, दिवाळीला निपाणीचे येतील तेव्हा सांगू. तू दिवाळीपर्यंत थांबशील असं मी धरून चाललो होतो. शेडमध्ये चहा पिता पिता तू पडलास, तेव्हा मी दोन गल्ल्या पलीकडं किस्सा सांगत होतो. तो नव्हे, दुसराच. पण सांगत होतो.

तर काल. देवळात सतरंजी अंथरलेली, तुझा फोटो मारुतीच्या बाजूला. बायकांमध्ये तुझ्या घरच्या दोघी, सुमनवहिनी आणि प्रज्ञा. निपाणीची मंडळी खांबाशी, काका पुढेच. ऐकू कमी येतं म्हणून गंगूआक्काला अगदी माझ्या समोर बसवलेलं. तिचं किस्सा ऐकायचं तंत्र असं, की माझ्या तोंडाकडं बघायचं, आणि आजूबाजूचे हसले की आपण हसायचं. त्यामुळे ती नेहमी थोडी उशिरा आणि सगळ्यांपेक्षा जास्त हसते.

मी उभा राहिलो तेव्हा काका डोळे पुसत होता, पण चेहरा आधीच हसायच्या तयारीत. दोघातिघांनी म्हटलं, सांगा, त्याला आवडायचं. मला खरंच असं ऐकवलं, परशा. त्याला आवडायचं.

मी सुरू केलं. पाय फाकले नाहीत. टोपी काढून टाकली, शिट्टी काढून टाकली. काढत गेलो तसा किस्सा फार छोटा झाला, आणि मला कळेना की हात कुठं ठेवायचे. वीस वर्षं ते हात काहीतरी दाखवत आलेले. म्हैस आली नाही तेव्हा मागच्या कुणीतरी म्हशीचं नाव सुचवलं. मी म्हटलं, म्हैस नव्हती. गाठ परशानं बरोबर मारली होती. शेपटं मी कापली. तिथं बसलेले सगळे विणकर, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. मी बघितलं, दोघांचे हात आपोआप कनवटीच्या कात्रीकडं गेले. निपाणीकरांना मात्र समजावून सांगितलं, शेपूट म्हणजे काय, दर्यावर ते का ठेवतात आणि वडगावात का कापतात. मी खाली उभा होतो हेही सांगितलं. तू दोर धरलास हे सांगितलं. मग सांगायचं संपलं. मला पाणी यावं डोळ्यांत असं वाटत होतं, निदान कालच्यापुरतं. आलं नाही. आत तीच भूल.

सुमनवहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. म्हणजे त्यांना ठाऊक होतं, आणि वीस वर्षं त्या मला चहा देत होत्या. प्रज्ञानं मान वर केली आणि खांबाशी बसलेल्या आपल्या सासरच्या माणसांकडं एकेकाकडं पाहिलं. काकानं मान खाली घातली.

गंगूआक्कानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. पार मागं वळून बघितलं. मग, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, अख्ख्या देवळाला ऐकू जाईल असं तिनं मला विचारलं,

"आरं गजा, आज हसायचं कुठं ते सांगितलंच न्हाईस की."